वाचनाची सुरुवात ध्वनीपासून: मराठी मुलांसाठी पद्धत निवडताना

मुळाक्षरांचा तक्ता न अडखळता म्हणणारे, बाराखडीही तालात म्हणून दाखवणारे, आणि तरीही ‘दुकानात’ हा शब्द समोर आला की ‘द... दु... क...’ असे पुटपुटत थांबणारे मूल दुसरी-तिसरीच्या बहुतेक वर्गांत भेटते. मुलांना वाचन-गणित किती येते याची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ सालच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांमध्ये तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत घातली. उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु अक्षर ओळखणे आणि शब्द वाचणे यांच्यामध्ये जी पायरी असते, ती वर्गात नेमकी कशी शिकवायची, हे ठरल्याशिवाय ते गाठता येणार नाही. त्या पायरीचा पाया ध्वनी हाच असतो आणि म्हणून वाचन ध्वनीच्या आधाराने, ठरवून आणि क्रमाने शिकवावे, ही या लेखाची भूमिका आहे. मात्र मराठीसाठी ही पद्धत इंग्रजीतून जशीच्या तशी उचलून चालत नाही, आणि याच मुद्द्यावर आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ आहे.

बोलणे आपोआप येते, वाचणे येत नाही

घरात माणसे बोलत असली की मूल बोलायला शिकते. त्यासाठी कुणी पाठ घेत नाही. वाचनाचे तसे नसते. मानवजात बोलू लागली त्याला हजारो पिढ्या लोटल्या, तर लेखनाचा शोध सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यातही बहुसंख्य माणसे गेल्या शे-दीडशे वर्षांपर्यंत निरक्षरच होती. त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मतः तयार असलेली कोणतीही यंत्रणा नसते. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून असे दिसते की, वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मुळात चेहरे आणि वस्तू ओळखण्यात गुंतलेला एक भाग अक्षरांच्या आकारांसाठी नव्याने घडवला जातो आणि बोलण्याच्या भाषेशी जोडला जातो. ही जोडणी शिकवण्यातून होते. काही मुले फारशा मदतीशिवाय ती करून घेतात हे खरे. पण त्यांच्याकडे बघून सगळ्या वर्गाची पद्धत ठरवली की उरलेली मुले मागे पडतात.

या जोडणीत नेमके काय जोडले जाते? कागदावरील खूण आणि तोंडातून निघणारा ध्वनी. मूल शाळेत येते तेव्हा त्याला ‘पाऊस’, ‘शेत’, ‘आजी’ हे शब्द ऐकून ठाऊक असतात, त्यांचे अर्थही ठाऊक असतात. ठाऊक नसते ती फक्त त्यांची लिपी. खुणांवरून ध्वनी काढता आला की ओळखीचा शब्द कानाला ऐकू येतो आणि त्याचा अर्थ आपोआप मागे येतो. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली हीच गोष्ट गुणाकाराच्या रूपात मांडली: वाचनाचे आकलन म्हणजे शब्द उलगडण्याचे कौशल्य गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्याला अर्थ आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्यच येतो. ज्याला शब्द उलगडता येत नाहीत त्याची भाषा कितीही समृद्ध असो, पुस्तक त्याला बंदच राहते. आणि ज्याला शब्द उलगडतात पण ती भाषा कळत नाही, तो मोठ्याने वाचूनही कोराच राहतो. या सूत्राकडे लेखात पुन्हा यावे लागणार आहे.

इंग्रजीतील वाद आणि त्याचा निकाल

ध्वनिआधारित पद्धतीची चर्चा आपल्यापर्यंत इंग्रजीतून आली, म्हणून तिथे काय घडले ते थोडक्यात पाहू. १९६७ साली केनेथ गुडमन यांनी वाचन हा संदर्भावरून केलेल्या अंदाजांचा खेळ आहे, अशी मांडणी केली. तिच्यातून पुढे अमेरिकेत आणि इतर इंग्रजीभाषक देशांत अशी अध्यापनपद्धती रुजली की मुलाला शब्द अडला तर चित्र बघ, वाक्याचा अर्थ लाव, पहिले अक्षर बघ आणि तर्क कर, असे सांगितले जाई. पुस्तके सुंदर होती, हेतूही चांगला होता. परंतु नजरेच्या हालचालींवर झालेल्या प्रयोगांतून दिसले की सराईत वाचक अंदाजाने पुढे जात नाहीत. ते जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर नजर टेकवतात आणि त्यातील अक्षरे खरोखर पाहतात. संदर्भावर विसंबण्याची गरज कच्च्या वाचकाला जास्त पडते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन वाचनशिक्षणाचे पाच घटक मांडले: शब्दांतील सुटे ध्वनी ऐकू येणे, अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या २००६ सालच्या अहवालानंतर ध्वनिपद्धती शाळांमध्ये अधिकृतपणे आली आणि २०१२ पासून पहिल्या इयत्तेतील मुलांची एक छोटी चाचणी घेतली जाऊ लागली. तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यांपैकी २० शब्द निरर्थक, रचलेले असतात. निरर्थक शब्द कशासाठी, असा प्रश्न पडेल. पण त्यांचे कारण साधे आहे. पाठ झालेला किंवा चित्रावरून ओळखलेला शब्द कोणता आणि अक्षरांवरून उलगडलेला कोणता, हे निरर्थक शब्द दिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी हे गरीब राज्य २०१३ पर्यंत चौथीच्या वाचनचाचणीत देशात तळाशी असे. त्या वर्षी तिथे कायदा करून शिक्षकांना ध्वनिआधारित अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले, मागे पडणाऱ्या मुलांना वेळेवर मदत देण्याची व्यवस्था झाली, आणि २०१९ साली ते राज्य राष्ट्रीय सरासरीला पोहोचले. त्या कायद्यात तिसरीत वाचता न आल्यास मुलाला मागे ठेवण्याचीही तरतूद होती, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या ध्वनिपद्धतीला देता येणार नाही. तरी शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्या बदलाचा कणा होता, असे मला वाटते.

इंग्रजीत हा वाद इतका पेटला त्यामागे त्या भाषेच्या लेखनाची अवघड घडणही आहे. तिथे अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो आणि एकच अक्षर अनेक प्रकारे उच्चारले जाते. युरोपातील १३ भाषांतील मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनलंडची मुले सोपे ओळखीचे शब्द सुमारे ९८ टक्के अचूक वाचत होती, तर इंग्रजीत शिकणारी स्कॉटलंडची मुले ३४ टक्के. फरक मुलांच्या बुद्धीत नव्हता. लेखन जितके ध्वनीशी प्रामाणिक, तितके वाचन लवकर साधते.

मग मराठीला याची गरज काय?

हा प्रश्न अनेक अनुभवी शिक्षकही विचारतात आणि तो रास्त आहे. देवनागरी लिपी ध्वनीवरच उभी आहे. वर्णमालेची रचनाच कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशा उच्चारस्थानांनुसार केलेली आहे. त्यामुळे एकीकडे ‘आपली लिपी उच्चारानुसारी आहे, तिला वेगळ्या पद्धतीची गरज नाही’ असे म्हटले जाते, आणि दुसरीकडे ‘बाराखडी म्हणजे ध्वनिपद्धतीच, ती आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत’ असेही सांगितले जाते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, तरी दोन्ही अपुरी आहेत.

वर्णमालेचा क्रम ही ध्वनींची उत्कृष्ट मांडणी आहे. पण मांडणीचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एक असायलाच हवा असे नाही. संस्कृत ध्वनिशास्त्राच्या प्राचीन परंपरेतून आलेली ती व्यवस्था ज्याला भाषा येते त्याच्यासाठी आहे. मूल ‘क ख ग घ ङ’ शिकते तेव्हा ‘ङ’ने सुरू होणारा एकही शब्द त्याच्या कानावर आलेला नसतो, आणि ‘घ’ शिकून झाल्यावर वाचायला मिळणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरे आणि मग वाचन, असा क्रम लावला तर अर्थपूर्ण वाक्य समोर येईपर्यंत वर्ष निघून जाते. तोपर्यंत मुलाची अशी समजूत झालेली असते की वाचन म्हणजे तक्त्याकडे बघत एकसुरात म्हणणे.

बाराखडीचेही तेच. ‘क, का, कि, की’ तालावर म्हणणारे मूल बहुधा ती गाण्यासारखी पाठ म्हणत असते. त्यातला ‘कु’ वेगळा काढून दाखवला की ते पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येते. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार ही चिन्हे प्रत्येक व्यंजनाला तोच स्वर जोडतात, म्हणून ‘की’ कळली की ‘मी’, ‘ती’, ‘पी’ही वाचता येतात, हे तत्त्व पाठांतरातून काही मुलांना आपोआप उमगते आणि अनेकांना उमगत नाही. ज्यांना ते उमगत नाही, त्यांच्यासाठी बाराखडी म्हणजे स्वतंत्रपणे लक्षात ठेवायचे चारशेहून अधिक आकार होऊन बसतात, कारण ३४ व्यंजने गुणिले १२ रूपे म्हणजे ४०८. जोडाक्षरे त्याखेरीज वेगळीच.

कन्नडमधील वाचनावर काम करणाऱ्या सोनाली नाग यांच्या संशोधनातून याच जातकुळीतील लिप्यांबद्दल दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या. सगळी अक्षररूपे अवगत व्हायला मुलांना चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो, म्हणजे २६ अक्षरांच्या लिपीच्या तुलनेत हा पल्ला फार लांब आहे. आणि या मुलांना शब्दातील अक्षरे कानाने सहज वेगळी करता येतात, पण अक्षराच्या आतील व्यंजन आणि स्वर वेगळे ऐकू येणे सावकाश घडते. मराठीलाही हे लागू पडते. ‘कागद’ या शब्दात का, ग, द असे तीन भाग आहेत, हे पाच वर्षांचे मूल टाळ्या वाजवून दाखवू शकते. पण ‘का’ आणि ‘की’ यांची सुरुवात सारखी आहे आणि शेवट वेगळा, हे त्याला लगेच सांगता येत नाही. इंग्रजीची ध्वनिपद्धती सुट्या ध्वनीपासून सुरू होते, कारण तिथे अक्षर सुट्या ध्वनीसाठी आहे. मराठीत आधी अख्खे अक्षर घ्यावे आणि स्वरचिन्हांच्या मदतीने हळूहळू ते आतून उलगडावे, हेच आपल्या लिपीला धरून आहे. माझ्या मते पद्धत निवडताना हा एक मुद्दा पक्का धरला तरी निम्मे काम झाले.

मूल कुठे अडते

मराठी लेखन उच्चाराशी बरेच प्रामाणिक असले तरी पूर्णपणे नाही, आणि नेमक्या ज्या जागी ते उच्चारापासून दूर जाते त्या जागा शिक्षकाला ठाऊक असायला हव्यात. सर्वांत पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित जागा ‘अ’ची आहे. सुटे ‘क’ वाचताना आपण त्यात ‘अ’ मिसळून पूर्ण उच्चार करतो, पण ‘नाक’ म्हणताना शेवटच्या ‘क’मधील ‘अ’ बोलत नाही. ‘बसला’ लिहिताना ‘स’ पूर्ण असतो, बोलताना आपण ‘बस्ला’ म्हणतो. ‘करवत’ बोलताना ‘कर्वत्’ होते. म्हणून ‘ब... स... ला...’ असे एकेक अक्षर अचूक वाचलेल्या मुलाच्या कानात ‘बसला’ हा त्याच्या ओळखीचा शब्द वाजतच नाही. अशा वेळी त्याला ‘पुन्हा वाच’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. तुटक वाचलेली अक्षरे भरभर, सलग म्हणून बघायला आणि ‘हा शब्द कुठे ऐकला आहेस?’ असे स्वतःला विचारायला त्याला शिकवावे लागते. अक्षरे ओळखणारे पण शब्द न वाचणारे मूल पुष्कळदा याच ठिकाणी अडकलेले असते.

दुसरी जागा चिन्हांच्या स्थानाची. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. ‘दिवा’मध्ये मुलाची नजर आधी वेलांटीवर पडते, म्हणून ते ‘इ... द...’ असे करते; यात निष्काळजीपणा नसतो, डावीकडून उजवीकडे वाचण्याचा जो नियम त्याने आत्ताच शिकला तोच ते पाळत असते. ‘पश्चिम’ या शब्दात तर ही वेलांटी ‘श्’च्याही आधी उभी राहते आणि उच्चारली जाते ‘च’नंतर. रफाराचे उलट आहे: ‘सूर्य’मधील ‘र’ उच्चारात ‘य’च्या आधी, पण दिसतो ‘य’च्या डोक्यावर. ‘चक्र’मधील ‘र’ खाली तिरका, ‘ट्रक’मधील ‘र’ आणखी वेगळा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा फरक मोठ्यांनाही थांबून पाहावा लागतो. ही सगळी रूपे मुलाला वाटेत आपोआप कळतील असे समजू नये. प्रत्येकासाठी वेगळा वेळ, पुरेसे शब्द आणि सराव ठेवावा.

अनुस्वार एकाच टिंबाने लिहिला जातो आणि पुढील व्यंजनानुसार बदलतो: ‘अंग’, ‘मंच’, ‘अंडे’, ‘दंत’ आणि ‘आंबा’ मोठ्याने म्हणून पाहिले की जिभेची जागा प्रत्येक वेळी सरकते, आणि ‘संवाद’ किंवा ‘सिंह’ यांत तर त्याचा उच्चार आणखीच निराळा. मुलांना याचे नियम सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही. शब्द बोलण्यातला असला की पुढचा ध्वनी तोंडात येताना टिंबाचा योग्य उच्चार आपोआप होतो. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चारही असेच. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ सारखा नाही. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू जग’ यांतील ‘जग’ एकसारखे लिहिले तरी एकसारखे बोलले जात नाही. वाचताना संदर्भाचा उपयोग होतो तो अशा ठिकाणी, म्हणजे अक्षरे उलगडून झाल्यानंतर दोन शक्य उच्चारांतून एक निवडण्यासाठी.

येथे घरच्या बोलीचाही विचार करायला हवा. विदर्भाच्या काही भागांत ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात, राज्यभर अनेक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. अशा घरातील मुलाने पुस्तकातील ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हटले, तर त्याने शब्द बरोबर ओळखला आहे आणि तो स्वतःच्या बोलीत म्हटला आहे. त्याला तिथल्या तिथे चूक ठरवले, तर अक्षरावरून शब्दाकडे जाण्याचा जो आत्मविश्वास त्याला नुकताच येऊ लागला आहे तोच मोडतो. लेखनात ‘ण’ कुठे येतो ते पुढे शिकवता येते. ऱ्हस्व-दीर्घाचे, ‘श’ आणि ‘ष’चेही तसेच: वाचताना ते फारसे आड येत नाहीत, लिहिताना येतात, आणि पहिली-दुसरीत त्यांच्यासाठी लाल शाई वापरू नये.

वर्गात क्रम कसा लावावा

सुरुवात कानापासून करावी, पाटी-पेन्सिल हातात येण्याआधी. यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. भेंड्यांचा खेळ शब्दाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष वेधतो, बडबडगीतांतील यमके सारख्या शेवटांकडे. टाळी वाजवून शब्दाचे तुकडे पाडणे, ‘कमळ’मधील ‘क’ काढला तर काय उरते ते सांगणे, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू वर्गात शोधणे, हे रोज दहा मिनिटे केले तरी पुरे.

त्यानंतर अक्षरे छोट्या गटांत आणावीत. गट निवडताना तीन गोष्टी पाहाव्या: त्या अक्षरांपासून मुलांच्या बोलण्यातले पुष्कळ शब्द बनावेत, आकाराने सारखी दिसणारी अक्षरे एकाच गटात येऊ नयेत, आणि पहिल्याच गटात काना असावा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट आणि ढ यांच्यामध्ये काही आठवड्यांचे अंतर असले की घोटाळा बराच कमी होतो. काना लवकर का, तर ‘म, ल, क, र’ एवढ्यांतून फक्त ‘कर’, ‘कमल’ असे मोजके शब्द मिळतात, पण काना आला की ‘मला’, ‘कार’, ‘काका’, ‘मामा’, ‘माकाला’ सुद्धा वाचता येतो. यांतील शेवटचा शब्द निरर्थक आहे आणि तो मुद्दाम घेतला आहे. अधूनमधून असा एखादा शब्द दिला की मूल खरोखर उलगडते आहे की आठवते आहे, ते शिक्षकाला कळते. दुसऱ्या गटात दुसरी वेलांटी आणावी, कारण ती व्यंजनानंतर येते, आणि पहिली वेलांटी नंतर.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी, आणि पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेने नीलेश निमकर यांच्या नेतृत्वाखाली, मराठी शिकणाऱ्या मुलांसोबत प्रत्यक्ष वर्गात वर्षानुवर्षे काम करून अक्षरांचा क्रम, अर्थपूर्ण मजकूर आणि मुलांचे स्वतःचे लेखन यांची सांगड घातली. इंग्रजीतील तयार अभ्यासक्रम भाषांतरित करण्यापेक्षा या कामाकडे आधी पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

लेखनाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. वाचन आधी आणि लेखन नंतर, अशी फारकत करू नये. मूल जेव्हा ‘भाकरी’ लिहायला बसते तेव्हा त्याला तो शब्द स्वतःशी हळूहळू म्हणावा लागतो, प्रत्येक ध्वनी पकडावा लागतो आणि त्याची खूण आठवावी लागते. ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी याहून पक्की करणारा दुसरा सराव नाही. त्याने ‘बाकरी’ लिहिले तरी चार ध्वनिखुणा त्याने पकडल्या आहेत आणि शिक्षकाला एक माहिती मिळाली आहे, की ‘ब’ आणि ‘भ’ यांतील फरक अजून त्याच्या कानात पक्का नाही. फळ्यावरील मजकूर वहीत उतरवून काढण्यात यांतले काहीच घडत नाही.

ध्वनिपद्धतीच्या मर्यादा

आता गुणाकाराच्या दुसऱ्या संख्येकडे, म्हणजे ऐकून समजण्याच्या क्षमतेकडे. महाराष्ट्रातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी व कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तीन वर्षे सलग अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१७ साली आला. वर्गांमध्ये बहुतांश वेळ अक्षरे गिरवण्यात आणि सामूहिक म्हणण्यात जातो, गोष्टी ऐकणे, त्यांवर बोलणे आणि मनातले लिहिणे यांना फार कमी जागा मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न अमेरिकेच्या नेमका उलटा आहे. तिथे अर्थाच्या नादात अक्षरे मागे पडली होती. इथे अक्षरांच्या नावाखाली अर्थ मागे पडतो आणि तरीही अक्षरे नीट येत नाहीत.

म्हणून ‘छगन झटपट सरबत आण’ अशा ओढूनताणून रचलेल्या वाक्यांवर महिनोन्‌महिने मुलांना ठेवू नये. शिकलेल्या अक्षरांपुरता मजकूर सरावासाठी हवाच, पण त्याच दिवशी शिक्षकाने एखादी खरी, भरपूर शब्दांची, मुलाला स्वतः वाचता येणार नाही अशी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिच्यावर मुलांना बोलू द्यावे. हे दोन वेगळे तास आहेत आणि दोन्ही रोज हवेत. वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी तर हे अधिकच तातडीचे आहे, कारण मराठी शब्द उलगडूनही कानाला तो अनोळखीच लागतो. अशा वर्गात पहिले वाचनशब्द मुलांच्या भाषेतून घ्यावेत, देवनागरीत लिहावेत, आणि मराठीचे बोलणे-ऐकणे सोबतीने वाढवावे. ध्वनीची जोडणी एकदा स्वतःच्या भाषेत कळली की ती दुसऱ्या भाषेसाठी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही.

इंग्रजी फोनिक्सचे वर्ग

शब्द उलगडणे आणि अर्थ कळणे दोन्ही हवे, हे इंग्रजीलाही लागू आहे. शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही फोनिक्सचे, म्हणजे इंग्रजी ध्वनिपद्धतीचे, वर्ग निघाले आहेत, आणि पालक ऐपतीबाहेर जाऊन शुल्क भरतात. इंग्रजी शिकवताना ध्वनिपद्धती उपयुक्तच आहे, पण मराठी कानासाठी तीत एक खास अडचण आहे. आपल्याला व्यंजन ‘अ’सकट म्हणण्याची सवय असल्यामुळे अनेक वर्गांत बी, सी, टी यांचे ध्वनी ब, क, ट असे पूर्ण अक्षर म्हणून शिकवले जातात; मग मूल ‘ब-अ‍ॅ-ट’ जोडताना ‘बअ‍ॅट’ असे काहीतरी म्हणते आणि ‘बॅट’पर्यंत पोहोचत नाही. व्यंजन शक्य तितके तोकडे, ‘ब्’ असे म्हणायला शिकवले की ही अडचण पुष्कळ कमी होते. वर्ग निवडताना पालकांनी एवढे जरूर बघावे की मुलाने न पाहिलेला शब्द त्याला वाचायला दिला जातो की फक्त गाणी आणि हातवारे करून घेतले जातात, आणि वाचलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी विचारतो का. साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी मात्र घरी मराठीत गोष्टी सांगणे आणि शब्दांचे खेळ खेळणे हे कोणत्याही वर्गाहून मोलाचे आहे.

तिसरी-पाचवीत मागे राहिलेली मुले

वय वाढलेल्या मुलांना पहिलीचे पुस्तक पुन्हा देणे त्यांना अपमानास्पद वाटते, आणि इयत्तेचे पुस्तक त्यांना झेपत नाही. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने यावर काढलेला मार्ग साधा आहे: मुलांचे गट इयत्तेऐवजी सध्याच्या वाचनपातळीनुसार करावेत आणि दिवसाचा ठराविक वेळ त्या पातळीवरच काम करावे. त्यासाठी प्रत्येक मुलाचे वाचन एकट्याने ऐकावे लागते. अक्षरांना अडते, स्वरचिन्हांना, जोडाक्षरांना, की वाचते अचूक पण अतिशय सावकाश, यावर पुढची मदत ठरते. मराठीसारख्या नियमित लेखनाच्या भाषेत वाचनअक्षमता (डिस्लेक्सिया) असलेले मूल अनेकदा चुका फारशा करत नाही, फक्त फार हळू वाचते, त्यामुळे ते नजरेतून निसटते. अशा मुलालाही हीच पद्धत लागते, मात्र पायऱ्या लहान, सराव कितीतरी अधिक, आणि परीक्षेत जादा वेळ. तिसरीच्या सुरुवातीलाही वेग वाढत नसेल तर शिक्षकांनी पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.